गिटारीवरचं ओलं फडकं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. आज का सांगतोय? ज्याला सांगायला हवं होतं तो गेला, म्हणून. म्हणजे आता सांगण्यात धाडस काहीच नाही — हेही तुम्ही लक्षात ठेवा.

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.एस्सी. हे मी नेहमीच सगळ्यात आधी सांगत आलोय. पिंपळगाव रेणुकाईत आमच्या घरी माझ्याआधी सगळे अंगठेच उठायचे. मी हैदराबादला गेलो, किमिया शिकलो. निजामाचं राज्य होतं, कॉलेजात सगळं उर्दूतून. रसायनशास्त्राला किमियाच म्हणायचे. त्याचा मला अभिमान होता. अजून आहे — तिथंच तर सगळं अडतं.

रंगनाथ माझा थोरला भाऊ. मी दादा म्हणायचो. शेतात त्याचं मन नव्हतं. जालन्याला मेज-खुर्च्या करणाऱ्या एका मिस्त्रीकडं राहिला आणि त्याचा हात बसला. गावाला गेला की पारावरची माणसं टोमणे मारायची, "कुणब्याचं पोरगं अन् रंधा मारून राह्यलं! औत कोन हाकंल, तुझा बाप?"

"बापच हाकून राह्यलाय की," दादा म्हणायचा, आणि सगळ्यांच्या आधी हसायचा.

छावणीच्या बॅण्डचे मास्तर गोव्याकडचे होते. त्यांची फुटलेली गिटार दादानं जोडून दिली. मग तिच्याकडं बघून एक नवीच केली — साधी, पण वाजली. मास्तर म्हणाले, आता एक देखणी कर, सिकंदराबादला ओळखीचा वाद्यांचा कारखाना आहे, ती दाखवून तुला तिथं लावतो. मास्तरांची बदली ठरलेली होती. त्याआधी गिटार व्हायला हवी होती. दादाला जगाकडून दुसरं काही नको होतं.

त्यानं कुठूनसं लहरी सागवान मिळवलं, ज्याच्या रेषा सरळ न जाता नागमोडी जातात. त्याचा पातळ पापुद्रा काढून सरसानं गिटारीच्या पाठीवर चिकटवला. "तिरपं धरलं की लाकूड हललं पायजे," म्हणायचा. त्यासाठी ते आधी काळं करायचं. हिरड्याचा काढा आणि ताकात गंजवलेल्या खिळ्यांचं पाणी — दोन्ही एकत्र आले की शाई होते. त्यात भिजवलेलं फडकं पाठीवर पसरायचं, काळं रेषांत मुरू द्यायचं, वेळेवर फडकं उचलायचं. वाळल्यावर वरचं काळं घासून काढलं की रेषांतलं तेवढं राहतं. मग वरून काथाचा फिका हात. एका तुकड्यावर त्यानं करून दाखवलं होतं. उन्हात तिरपा धरला, तर वाऱ्यात ज्वारीचं शेत हलावं तसा तो तुकडा हलला.

आणि फडकं उचलायला उशीर झाला तर? सरस ओल खातो, सुटतो. पापुद्रा फुगतो. काळं आरपार जातं. हे दादानं मला सांगितलेलं होतं. मला माहीत होतं.

मी सुटीत त्याच्या खोलीवर आलो होतो. सकाळी त्यानं फडकं पसरलं आणि तेवढ्यात गावाकडून सांगावा आला, आईला जोराचा ताप. तो तसाच निघाला. दारातून म्हणाला, "बापू, ऊन उंबऱ्यापाशी आलं की फडकं उचल. इसरू नको बरं. तेवढंच काम हाय."

तेवढंच काम.

मला त्या दिवशी बदनापूरला जायचं होतं. वर्गमित्राचे वडील तिथं मोठे अंमलदार. जेवायला बोलावलं होतं, नोकरीचा विषय निघेल अशी आशा होती. शेरवानीला इस्त्री करून ठेवली होती. मी गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा फडकं तिथंच होतं. मी ते चिमट्यानं उचललं आणि बाहेर वाळत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दादा आला. आईला उतार पडला होता, खुशीत होता. गिटार त्यानं दारात उन्हात नेली. पाठीवर फोडांसारखे फुगे, सगळी पाठ कोळसा. त्यानं ती तिरपी धरली. मग दुसऱ्या बाजूनं तिरपी धरली. लाकूड हलत नव्हतं.

"येळेवर उचललंतं ना?"

"हो."

"मंग काय चुकलं रे? तू किमिया शिकेल हायेस, तूच सांग."

इथं मी गप्प बसलो असतो तरी — पण गप्प कसा बसेन? मी सांगितलं. हिरड्यात तेजाब असतं, तुझ्या काढ्यात ते जास्त झालं, त्यानं सरस खाल्ला. हे अंदाजाचं काम नाही दादा, प्रमाणाचं आहे. फळीवर पेन्सिलीनं आकृती काढून दाखवली. तो मान हलवत ऐकत होता. आणि खरं सांगू? बोलताना मला बरं वाटत होतं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "माझ्या हातालाच अंदाज न्हाई."

मास्तर गेले. दादा गावी परतला, औत हाकू लागला. कुणाचा नांगर, कुणाचं वखर नीट करून द्यायचा, पण वाद्याला पुन्हा हात लावला नाही. कुणी विचारलं तर अभिमानानं सांगायचा — हो, अभिमानानंच — "आमच्या बापूनं चूक काढली ना! शिकेल मानूस. बिलकुल बराबर सांगितलं त्यानं." पाहुण्यारावळ्यांत सांगायचा. माझ्या सोयरिकीच्या बैठकीतही सांगितलं, माझं वजन वाढावं म्हणून. मी शेजारीच बसून पान चघळत होतो.

गेला, तोही तेच खरं मानून.

आता राहिलेलं सांगतो. फडकं उचलायचं मी विसरलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. मी विसरलो नव्हतो. ऊन उंबऱ्यापाशी आलं तेव्हा मी खोलीतच होतो, शेरवानीची बटणं लावत. फडक्याकडं बघितलं. ते काळं हाताला लागलं की धुऊन निघत नाही. दादाचे हात कायम तसलेच असायचे. तसले हात घेऊन त्या दस्तरखानावर जेवायला बसायचं? चिमटा चुलीपाशी होता. तोही दिसला. पण एखादा थेंब शेरवानीवर उडाला असता. ऊन उंबरा ओलांडून आत आलं. मी कडी लावली आणि स्टेशनाकडं निघालो.

बदनापूरला जेवणाआधी त्यांच्या नोकरानं माझ्या हातावर पाणी घातलं. हात स्वच्छच होते.