तीनदा काढलेलं गाव

१९५६च्या हिवाळ्यात भिकन पेंटरला जेवायलाही सवड नव्हती. नोव्हेंबरात नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि बुऱ्हाणपुरातल्या कितीतरी कचेऱ्यांच्या पाट्या नव्याने लिहायच्या निघाल्या. भिकन पंचेचाळिशीचा. हात असा सरळ, की रेघ मारायला पट्टी लागत नसे.

पाटी लिहायलाच तो शाळेत गेला आणि चित्रकलेच्या दिगंबर मास्तरांच्या खोलीत अडकला. भिंतीवर विलायती कॅलेंडरचं एक पान होतं. कुण्या जुन्या चित्रकाराचं तैलचित्र त्यावर छापलेलं: नदीकाठचं शहर, त्याचा दगडी तट, दोन मनोरे, वर ढग, आणि पाण्यात सगळ्याचं प्रतिबिंब. मास्तरांच्या भाच्याने ते नेपानगरच्या कागद कारखान्यातल्या विलायती साहेबाकडून आणलं होतं.

"मास्तर, हे मला जमेल?"

"नक्कल करूनच शिकतात, भिकनराव. पण हे तेलरंग आहेत. पाटीसारखं दोन दिवसांत उरकायचं नाही."

मास्तरांनी ते पान, रंगाच्या नळ्या आणि अळशीचं तेल दिलं. भिकनने मागावरचं जाड कापड चौकटीवर ताणलं, त्यावर सरस आणि पांढऱ्या रंगाचा हात दिला. पानावर चौकोन आखले, तसेच मोठे कापडावर आखले. आधी सगळं तपकिरी रंगात बसवलं, मग एकेक थर. एक थर वाळेपर्यंत दुसरा लावायचा नाही, हेच त्याला सगळ्यात जड गेलं.

पाट्यांतून वेळ काढत दोन महिन्यांत त्याने चित्र पुरं केलं. तट झकास, मनोरे झकास. पाणी मात्र निळा पत्रा अंथरल्यासारखं. कुठे चुकलं ते त्याला कळेना. शेवटी त्याची बायको सोजरबाई म्हणाली, "पाण्यातला तट वरच्याएवढा उजळ कसा हो? मी रोज राजघाटावर आपल्या गावचा तट बघून राहिले. पाण्यात तो काळपट दिसतो, अन् खाली खाली विरत जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्यासोबत घाटावर गेला. ती धुणं आपटत होती, हा पायरीवर बसून तापीकडे टक लावून. बाकीच्या बाया हसल्या.

"सोजरबाई, आज मालकाला धुवायला आणलं का?"

भिकनही हसला, पण उठला नाही. तासाभराने त्याला दिसलं: पाण्यात कुठेच सरळ रेघ नव्हती.

त्याने नवं कापड ताणलं. या वेळी पाण्यातला तट गडद घेतला आणि रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने कडा पुसट केल्या. सोजरबाई हात पुसत आली, चित्रातल्या पाण्यापाशी वाकली.

"आता पाय घालावासा वाटतो," ती म्हणाली.

त्या दिवशी त्याने दुकान उघडलंच नाही. ओलं चित्र जपून धरत शाळेत गेला. मास्तरांनी ते आपल्या खोलीत लावलं आणि म्हणाले, "आता आपला राजघाट काढा."

"काढीन मास्तर. पण ढग अजून जमले नाहीत."

आणि त्याने तेच शहर तिसऱ्यांदा काढायला घेतलं. सगळा उन्हाळा दुपारी पाट्या वाळत असताना तो ढगांपाशी बसायचा. घाई नव्हती, चिडचिड नव्हती. पाट्या न्यायला आलेले लोक मागे उभं राहून विचारत, "भिकनभाऊ, हे गाव कोणतं?"

"नाव माहीत नाही," तो ब्रश न थांबवता म्हणे, "पण इथली खिडकी न् खिडकी मला ठाऊक आहे."