ट्रॅक्टरला ऊब देणाऱ्या काकू

फेल्डहोवन या डच गावी मला नोकरी लागली तेव्हा गावात आम्हाला घर मिळेना. शेवटी गावाबाहेर, शेतांच्या कडेला, गाई पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घराची मागची बाजू आम्ही भाड्याने घेतली. पुढच्या बाजूला तो शेतकरी आणि त्याची बायको राहायची. दोघंही सत्तरीच्या पुढची, मूलबाळ नाही. माझा नवरा कंपनीची यंत्रं बसवायला महिनोन्‌महिने तैवानला असायचा, त्यामुळे संध्याकाळी घरी आल्यावर बोलायला मला ही दोघंच. इथे सगळे एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात, पण एवढ्या वयाच्या माणसांना नावाने हाक मारायला माझी जीभ रेटली नाही. माझ्यासाठी ती काका आणि काकूच झाली.

काकू पूर्वी गावच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचं डच स्वच्छ आणि सावकाश. काकांचं मात्र इथल्या ब्राबांट प्रांतातल्या खेड्यातलं, अर्धे शब्द घशातच विरायचे. मुळात ते बोलायचेच कमी.

पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी सायकल लावायला शेडमध्ये गेले, तर भिंतीवरच्या सॉकेटमधून निघालेली एक जाड वायर ट्रॅक्टरच्या तोंडात गेलेली दिसली.

"हा विजेवर चालतो?" मी काकूंना विचारलं.

त्या खूप हसल्या. मग समजावून सांगितलं. ट्रॅक्टर जुना, स्वीडनहून आणलेला. तिकडच्या थंडीत इंजिन गोठल्यासारखं होतं, म्हणून इंजिनमध्येच एक छोटा हीटर बसवलेला असतो. संध्याकाळी प्लग लावला की इंजिनातलं पाणी हळूहळू तापतं आणि सकाळी ते फारसं न कण्हता सुरू होतं. गाईंचा चारा कालवणारी मोठी गाडी याच ट्रॅक्टरला जोडलेली असायची. तो सुरू झाला नाही तर सकाळी सगळा गोठा हंबरायला लागतो, असं त्या म्हणाल्या.

प्लग लावणं हे काकूंचं काम. काका तेव्हा दूध काढत असायचे. अंधार पडला की काकू गमबूट चढवून, शाल घट्ट ओढून अंगण ओलांडायच्या, प्लग लावायच्या आणि परत येऊन माझ्यासाठी कॉफी टाकायच्या. मग आमचं डच सुरू. मी चुकीचं क्रियापद वापरलं की त्या बोटाने टेबलावर हळूच टकटक करायच्या.

दुसऱ्या वर्षी पानं गळायच्या सुमारास त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तोवर तो यकृतात पोचला होता. हॉस्पिटलने करण्यासारखं काही नाही म्हणून घरी पाठवलं. पुढच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी त्यांचा पलंग आला.

इथला हिवाळा एरवी नुसता ओला आणि करडा असतो. त्या वर्षी मात्र पूर्वेकडून वारा सुटला आणि हटलाच नाही. कालव्यांवर बर्फ धरला. चिखलातल्या टायरच्या खुणा दगडासारख्या कडक झाल्या. ऑफिसमधले डच लोक स्केट्स बाहेर काढून खुशीत होते. मी घरी यायचे ती खाली मान घालून, नाक-कान बधिर करून.

अशाच एका संध्याकाळी काकूंनी मला आत बोलावलं. काका त्यांच्या उशाशी खुर्चीत बसले होते, बसल्या बसल्या डोळा लागलेला.

"प्लग आजपासून तू लाव," त्या कुजबुजल्या. "दूध काढून झालं की हा इथे येऊन बसतो. त्याला उठवायचं नाही मला."

मग मी रोज लावू लागले. लावून खिडकीशी आले की त्या आतून भुवया उंचावून विचारायच्या. मी मान हलवायचे. मॉर्फिन वाढलं तसं त्या एकदा विचारून झाल्यावर पुन्हा विचारायच्या आणि मी पुन्हा मान हलवायचे.

मग त्यांनी एक दिवस सांगितलं. कॉफी मीच केली होती, त्यांनी ओठाला लावून ठेवून दिली.

"मी डॉक्टरांशी बोलले आहे. पुढच्या गुरुवारी, दुपारी."

मला आधी कळलंच नाही. इथे हे कायद्याने होतं, ते मला ऐकून माहीत होतं. बरं होण्याची आशा नाही आणि वेदना सोसत नाहीत, अशा माणसाने मागितलं तर डॉक्टर इंजेक्शन देऊन मरण देतात. त्याआधी दुसरा, अनोळखी डॉक्टर येऊन खात्री करून जातो. तोही येऊन गेला होता. दातांच्या डॉक्टरची वेळ घेतल्यासारखं काकू सांगत होत्या.

"काकांना माहीत आहे?"

"आहे. तो त्यावर बोलत नाही."

त्या आठवड्यात आईचा फोन आला. शेजारच्या काकू कशा आहेत, तिने नेहमीसारखं विचारलं. मला सांगताच येईना. मराठीत ते वाक्यच बनेना. काकू गुरुवारी जाणार आहेत म्हटलं तर आई विचारेल, कुठे? मी म्हटलं, तशाच आहेत. आणि नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला.

बुधवारी संध्याकाळी मी शेडकडे निघाले, तर खिडकीवर टकटक झाली. मी आत गेले.

"आज मी लावणार," काकू म्हणाल्या.

काका उठून उभे राहिले. "वेडी आहेस का? बाहेर किती थंडी आहे!"

"थंडीने आता माझं काय वाकडं होणार?"

काकांनी दुलई आणली, काकूंना तिच्यात गुंडाळून व्हीलचेअरवर बसवलं आणि स्वतःची लोकरी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर कानापर्यंत ओढली. मी खुर्ची ढकलत होते. काका पुढे चालत बादलीतली वाळू मूठमूठ बर्फावर टाकत होते, चाक घसरू नये म्हणून. छोटंसं अंगण, पण संपता संपेना.

शेडमध्ये काकूंनी प्लग हातात घेतला आणि सॉकेटला टेकवला. आत ढकलायला बोटांत जोर नव्हता. प्लग घसरायचा, त्या पुन्हा टेकवायच्या. मी पुढे झाले तर काकांनी मला हाताने थांबवलं. ते वाकले, काकूंच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला.

"आता बसला," काकू म्हणाल्या.

आम्ही तिथेच थांबलो. थोड्या वेळाने ट्रॅक्टरच्या पोटातून किटलीत पाणी तापायला लागावं तसा बारीक आवाज येऊ लागला.

"ऐकू येतंय?" काकूंनी विचारलं.

"हो," काका म्हणाले.

काकांना समोरचं बोलणंही मोठ्याने सांगावं लागायचं. तो आवाज त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

गुरुवारी मी सुट्टी घेतली. सकाळी ट्रॅक्टर चटकन सुरू झाला. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. "झाला सुरू," त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या शेवटचं बोलल्या ते एवढंच. काकांनी त्या दिवशी गाईंना चारा घालायला नेहमीपेक्षा फार वेळ लावला. मग आत येऊन कोपरापर्यंत हात धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "तू स्वयंपाकघरात थांबशील?"

दुपारी डॉक्टर आल्या. गावातल्याच, काकूंच्या शाळेत शिकलेल्या. खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ओट्याशी उभी होते आणि आतून काकांचा आवाज येत होता. वर्षभरात मी त्यांना जेवढं बोलताना ऐकलं नव्हतं, तेवढं ते एकसारखं बोलत होते, आपल्या त्या घशातल्या बोलीत. मला एक अक्षर समजलं नाही. मग ते बोलायचे थांबले.

इथे अंत्यविधीपर्यंत माणसाला घरीच ठेवतात. काकू त्याच खोलीत होत्या. संध्याकाळी सवयीने मी शेडकडे निघाले, तर मागून काका आले.

"नको लावू."

"सकाळी सुरू होणार नाही तो."

"नको म्हटलं ना."

सकाळी मला जाग आली ती स्टार्टरच्या आवाजाने. इंजिन कण्हत होतं, खोकत होतं, पांढरा धूर सोडून बंद पडत होतं. मग बॅटरी बसली. मी कोट घालून बाहेर गेले. काका ट्रॅक्टरवर बसून किल्ली फिरवतच होते. नुसतं टक, टक. पलीकडे सगळा गोठा हंबरत होता.

मी जवळ जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने ते खाली उतरले, भिंतीवरचा लांब दांड्याचा काटा घेतला आणि चाऱ्याच्या गोठलेल्या ढिगाला भिडले. मी दुसरा काटा घेतला. तो कडक चारा फोडायचा, ढकलगाडीत भरायचा, गाईंपुढे नेऊन ओतायचा. माझे हात सोलून निघाले. अर्धा गोठा झाल्यावर काका काट्यावर रेलून उभे राहिले.

"काल आतलं तुला ऐकू आलं?"

"आलं. पण समजलं नाही."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

थंडी ओसरेपर्यंत त्यांनी हातानेच चारा घातला. शेजारचा शेतकरी बॅटरीला वायर जोडून द्यायला आला, त्याला त्यांनी परत पाठवलं. त्यांची पाठ गेली. सकाळी ते भिंतीला धरून चालायचे. मी एकदा म्हटलं, "काकूंना हे आवडलं नसतं." ते माझ्याकडे बघत राहिले, रागाने नव्हे. जणू मी कोण, हेच त्यांना आठवत नव्हतं.

वसंतात गाई विकल्या. ट्रकमध्ये चढायला त्यांनी फार खळखळ केली नाही. घरही विकायला निघालं आणि आम्हाला जवळच्या बेस्ट नावाच्या गावात फ्लॅट मिळाला. काका गावातल्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत एका खोलीत राहायला गेले.

उन्हाळ्यात एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. खोली स्वच्छ होती, भिंतीवर काहीच नव्हतं. त्यांनी मशीनची कॉफी आणून दिली. नवरा कुठे आहे, विचारलं. तैवानला, मी सांगितलं. खाली बागेत कुणीतरी गवत कापत होतं, ते आम्ही दोघं बघत बसलो. जेवणाची घंटा झाली तेव्हा ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवायच्या हॉलकडे निघून गेले. नुसतं पोटात काही जावं म्हणून जेवतात, असं तिथे काम करणाऱ्या बाईने मला सांगितलं. मी त्यांचा कप विसळून ठेवला आणि सायकल काढली.