कोपऱ्यातलं नाव

यावलच्या बस स्टँडसमोर हेमलताताईंचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो, दुकानाचं उद्घाटन असो की कुणाच्या मरणानंतरची गंधमुक्ती, गावातला प्रत्येक चेहरा एकदा तरी त्यांच्या कॉम्प्युटरवरून गेलेला. बाई तोंडाने फटकळ, हाताने चपळ. पण फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कुणाचं नाव दिसलं, की याच बाईंचा हात माउसवरून मागे येतो.

का नाही येणार? दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेच्या फ्लेक्ससाठी त्यांनी नेटवरून केळीच्या घडाचा झकास फोटो उचलला आणि खालचं नाव कापून टाकलं. आठच दिवसांत मेहरूणचे फोटोग्राफर अभिमनभाऊ दुकानात हजर! भर चौकातला फ्लेक्स त्यांनी ताईंना स्वतःच्या हाताने उतरवायला लावला, वर पुन्हा असं करणार नाही असं लिहूनही घेतलं. पुढच्या वेळी थेट कोर्ट. त्या दिवशी चौकात लोक हसले होते, ते बाई अजून विसरलेल्या नाहीत.

आणि गेल्या बुधवारी नूतन आली, ती नेमका अभिमनभाऊंनीच काढलेला फोटो घेऊन.

नूतन धुळ्याला दिलेली. वडील, चुडामण आबा, गेले म्हणून माहेरी आलेली. शुक्रवारी त्यांची गंधमुक्ती. तिने जुन्या कॅलेंडरचं पान पुढे केलं. खांद्यावर केळीचा घड घेऊन आबा मनमोकळं हसत होते.

"ताई, आबांचा धड फोटो हा एकच. दुसरा आधार कार्डावरचा. त्यात तर चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात. तो लावला तर आई मला घरात घेणार नाही."

ताईंनी पान डोळ्यांजवळ धरलं. कोपऱ्यात तेच नाव. घ्या! आता काय करायचं?

"नाव कापून टाका ना," नूतन म्हणाली. "कोण बघतंय?"

दोन मिनिटांचं काम. बाईंचा हात माउसवर गेलाही. पण चौक आठवला, आणि त्यांनी मुकाट्याने मोबाइल उचलला. भाऊंनी फोन घेतला नाही. मग सगळी हकीकत लिहून पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दुपार झाली, तरी नाही. बाईंचा जीव टांगणीला. एवढ्याशा नावापायी नूतनच्या आईला, शेवंताबाईंना, नवऱ्याचा हसरा चेहरा मिळू नये, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

चार वाजता फोन वाजला. "ताई, जुनी हार्ड डिस्क सापडत नव्हती," अभिमनभाऊ म्हणाले. "आबा गेले, मला माहीतच नाही हो. त्यांच्या बागेत मी पोटभर जेवलोय. घरच्या कार्याला, घरच्या भिंतीला मी कधीच नाही म्हणत नाही. माझं भांडण आहे ते न विचारता धंद्यासाठी उचलणाऱ्यांशी. छापा खुशाल. पण कॅलेंडरवरून नको, मूळ फोटो पाठवलाय."

हुश्श! ताई आधी तांब्याभर पाणी प्यायल्या, मग फोटो उघडला आणि "अगं बाई!" म्हणून ओरडल्याच. आबांच्या शेजारी शेवंताबाई उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून हसत. आबा हसत होते ते त्यांच्याकडेच बघून. कॅलेंडरवाल्यांनी जागेसाठी शेवंताबाईंना कापलं होतं.

फ्लेक्सवर आबा एकटेच आले. जिवंत माणसाला तिथे कोण छापतं? पण दोघांचा फोटो फ्रेम करून गुरुवारी ताई स्वतः घरी घेऊन गेल्या. शेवंताबाईंनी तो मांडीवर घेतला, पदराने आबांचा गाल पुसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"पाय वं नूतन, कसे पाहे माह्याकडे!"

मग त्यांचं बोट कोपऱ्यावर थांबलं. "हे काय लिहेल आहे?"

"फोटो काढणाऱ्याचं नाव, आई. झाकायचं का?"

"काहून? ऱ्हाऊ दे," म्हातारी म्हणाली. "त्यानं तं मले नाही कापलं."