दीड इंच उतरवलेली सीट

राजनचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला पिठाच्या गिरणीत उभी होते. दळण चालू होतं, त्या आवाजात काही ऐकू येईना. "काय? काय म्हणतोस?" असं मी ओरडत राहिले आणि त्या बिचाऱ्याला आपली बायको गेल्याचं तीनदा सांगावं लागलं. शुभदाने सकाळी हॉस्पिटलमध्ये प्राण सोडला होता. मणक्यात पसरलेला कॅन्सर. मला त्या आजाराचं नाव कळून तेव्हा जेमतेम अठरा दिवस झाले होते. आता तिला जाऊन सहा आठवडे होत आले. लोक विचारतात, तू तर सतत तिच्याबरोबर असायचीस, तुला कसं नाही कळलं? मी काय सांगू... आम्ही गाडीची सीट शोधत होतो.

मरोळच्या एका औषध कारखान्यात आम्ही दोघींनी बावीस वर्षं शेजारी बसून गोळ्यांची पाकिटं तपासली. मुलगा नोकरीला लागला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी शुभदाने मोटरसायकल घेतली. स्कूटर नाही, चांगली दणकट, साडेतीनशे सीसीची. तिच्या नवऱ्याने, राजनने, कपाळाला हात लावला. मागे बसायला माणूस हवं म्हणून मी. रविवारी कर्जत, माळशेज, एकदा अलिबाग. खरा बेत मोठा होता... खाड्यांवर गाडी फेरीबोटीत चढवत किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं.

पण सत्तर-ऐंशी किलोमीटर झाले की ती गाडी बाजूला घ्यायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "या सीटने तुझी वाट लावलीय," हे पहिल्यांदा मीच म्हटलं. अगदी नीट आठवतं मला. कंपनीची सीट दिसायला देखणी, पण पुढे उतरती. माणूस घसरत टाकीवर जायचा आणि सगळा भार माकडहाडावर यायचा. मग आम्ही जेलचा पॅड आणला. तो उन्हात असा तापला की तव्यावर बसल्यासारखं झालं. मग हवेची उशी. तिच्यावर वळण घेतलं की होडीसारखं डुचमळायचं. मी म्हटलं, आता सीटच नवीन बनवून घेऊ. कुणीतरी साकीनाक्याच्या युनूस मिस्त्रीचं नाव सांगितलं.

मिस्त्री म्हातारा, बोलणं तुटक. त्याने फोमचे तीन तुकडे काढले आणि प्रत्येकावर आम्हाला पंधरा-पंधरा मिनिटं बसवलं. मला सगळ्यात मऊ तुकडा आवडला. तो हसला. "नरम सीट दुकान में अच्छी लगती है मॅडम. रोड पे घंटाभर में बैठ जाती है." खाली कडक फोम, वर पातळ मऊ थर, बसायची हाडं टेकतात तिथे रुंद, पुढे मांड्यांपाशी निमुळती, असं त्याने समजावलं. शुभदाला गाडीवर बसवून खडूने खुणा केल्या आणि मग सहज विचारलं, "उतरल्यावर किती वेळात थांबतं दुखणं?"

"लगेच," शुभदा म्हणाली.

"मग ठीक. सीटचं दुखणं सीटवर राहतं. उतरल्यावर पण दुखलं असतं, तर मी म्हटलं असतं, पहिले डॉक्टर, नंतर सीट."

त्याच आठवड्यात तिने कॅन्टीनमध्ये उभ्याने डबा खाल्लेला मी पाहिला होता. खुर्चीवर बसवत नव्हतं तिला. मी तोंड उघडलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी गप्प बसले. बाहेर आल्यावर विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"डॉक्टर पहिलं काय म्हणणार? गाडी बंद. मग तुला गोवा कोण दाखवणार, यार?"

आम्ही हसलो. उसाचा रस प्यायलो. हसले मी, हे खरं आहे.

पुढे दोन आठवड्यांत ती अॅडमिट झाली, आणि सीट साकीनाक्यालाच राहिली. तेराव्यानंतर राजन एक फाइल घेऊन माझ्याकडे आला. त्यात एमआरआयचा रिपोर्ट होता. तारीख पाहिली... साकीनाक्याला गेलो त्याच्या नऊ दिवस आधीची.

"मला तिने अॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी सांगितलं," तो म्हणाला. "वैजू, तुला तरी बोलली होती ना?"

"नाही रे."

"मग तुम्ही दोघी तिथे काय करत होतात?"

त्याच्या विचारण्यात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी रिपोर्टवरची तारीख पुन्हा एकदा वाचली. तिला आधीच माहीत होतं, म्हणजे माझ्या गप्प बसण्याने काही बिघडलं नाही. मला हलकं वाटायला हवं. वाटत नाही. कधी तिचा राग येतो, कधी स्वतःचा. एका दिवसात दोन्ही उलटसुलट होतं.

गेल्या आठवड्यात मिस्त्रीचा फोन आला, सीट घेऊन जा म्हणून. मी गेले. शुभदा गेल्याचं सांगितलं तर तो हातातल्या रेक्झिनच्या नुसत्या घड्या घालत राहिला. मग सीट काढून देताना म्हणाला, "नंतर एकट्या येऊन गेल्या. रिक्षाने. पुढची जागा दीड इंच उतरवायला सांगितली."

"का?"

"मी पण विचारलं, पाय पोहोचत नाहीत का. म्हणाल्या, पाय पूर्ण टेकले पाहिजेत, बस्स."

शुभदा पाच फूट सात इंच. तिचे पाय कंपनीच्या सीटवरही आरामात टेकायचे. मी जेमतेम पाच फूट, मला फक्त स्कूटर येते. मी त्याला विचारलं, त्या दिवशी ती चालत कशी होती? "भिंत धरून," तो म्हणाला. म्हणजे पायातला जोर गेला म्हणून तिने स्वतःसाठीच सीट उतरवली असेल. आणखी एकदा तरी गाडी चालवायची आशा असेल तिला. किंवा मग... माझ्यासाठी? मला नाही कळत. दोन्ही खरं वाटतं, आणि विचारायला ती नाही.

रविवारी राजनने आणि मी इमारतीखाली ती सीट गाडीला लावली. बोल्ट बसेनात, दोघांनी मिळून कसेबसे बसवले. राजनने हँडल धरलं आणि म्हणाला, "बस." मी पुढे बसले. दोन्ही टाचा जमिनीला सपाट टेकल्या. राजन माझ्या पायांकडे बघत राहिला. मीही.

थोड्या वेळाने त्याने गाडीचं कव्हर उचललं. "घालू का?"

"थांब जरा," मी म्हटलं.

तो कव्हर हातात धरून उभा राहिला. सीट खरंच फार चांगली झाली आहे. मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक, पाठ अजिबात दुखली नाही.