मलमलीचं उपरणं

निजामाचं राज्य गेलं आणि जिंतूरच्या बाजारातल्या शेरवान्या दिसेनाशा झाल्या. काल गळ्यापर्यंत बटणं लावून फिरणारे आज पांढऱ्या टोपीत आले. मी एकेकाला निरखून बघायचो. इतक्या लवकर कपडा बदलणारा माणूस शब्द किती दिवस पाळील? माझ्याकडे बदलायला काही नव्हतंच. बैलांची दलाली करून वर आलेला मी. धोतर, बंडी आणि खांद्यावर मातकट रंगाचं खरखरीत उपरणं, एवढाच माझा पोशाख.

ते उपरणं शोभेचं नव्हतं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबून भाव सांगतात आणि भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही.

माझा मेव्हणा मात्र हटून बसला. “दाजी, राज्य बदललं, तुमीबी जरा बदला. मानसं हमाल समजायलेत तुमाला.”

हमाल हा शब्द झोंबला. त्याने आणलेलं पांढरंशुभ्र मलमलीचं उपरणं मी खांद्यावर टाकलं.

त्यानंतर लागोपाठ तीन बाजारांत माझे सौदे मोडले. मी बोटं दाबली, की पलीकडे उभा असलेला एक दलाल पुढे यायचा, शेतकऱ्याला बाजूला घ्यायचा आणि माझ्याहून थोडा चढा भाव देऊन जोडी न्यायचा. मी कुठवर जाणार हे फक्त माझ्या भागीदाराला ठाऊक असायचं. तो राणीसावरगावचा, कैक वर्षं आम्ही एका फडक्यातली भाकरी खाल्लेली. तिसऱ्या बाजारी भर गर्दीत मी त्याची गचांडी धरली.

“काय दिलं रे त्यानं तुला?”

“येड लागलं का तुला? माझ्या तोंडून शब्द गेला असंल तर जीभ झडंल माझी.”

“झडू दे. दगाबाज!”

त्याने माझा हात सोडवला, पायताण घातलं आणि गेला. पुन्हा बाजारात आला नाही.

काही दिवसांनी बायको ते उपरणं दोरीवर वाळत घालत होती. कापडाच्या मागे तिचा हात होता आणि उन्हात पाची बोटं बांगड्यांसकट मला दिसत होती. तिच्याही ते ध्यानात आलं.

“अवो, याच्याखाली बोटं लपवायलात व्हय तुमी?” ती हसत सुटली.

तो दलाल कायम उन्हाकडे तोंड करून, डोळे किलकिले करून का उभा राहायचा, ते मला तेव्हा कळलं. मेव्हण्याला हे ठाऊक होतं का? त्या दलालासोबत चहा पिताना मी त्याला दोनदा पाहिलं होतं. मी विचारलं नाही. विचारून तो खरं सांगेल असा भरवसा मला आजही नाही. उपरणं तेवढं त्याच्या दारात टाकून आलो.

मग जुनं उपरणं घेऊन राणीसावरगाव गाठलं. भागीदार दारासमोर चार माणसांत बसला होता. मी हातावर उपरणं टाकून हात पुढे केला.

“शिव्या उघड्यावर दिल्यास ना? मग कापडाखाली काय मागायलास? उघड्यावर बोल.”

मी आयुष्यात पहिल्या बोलीला कधी कबूल झालो नव्हतो. त्या दिवशी झालो. “माझं चुकलं,” म्हणालो. “त्या मलमलीतून उन्हात बोटं दिसत व्हती.” मान वर करवेना.

तो उठला. माझ्या हातावरचं उपरणं घेतलं, दोन्ही हातांनी सूर्यासमोर ताणून धरलं आणि बराच वेळ त्यातून बघत राहिला. चौघे हसले. माझं डोकं तापलं, पण हात तसाच पुढे ठेवला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. मग त्याने ते पुन्हा माझ्या हातावर टाकलं आणि खाली आपला हात घातला.