शेपूचा वाफा

मामाजी, माझे सासरे, गेले तेव्हा मी परसात वालाच्या शेंगा तोडत होते. हे मागच्या दारात आले, चौकटीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा गेले." मी "हाव" म्हणाले आणि वेलावर उरलेल्या शेंगा तोडून घेतल्या. ओटीतल्या शेंगा टोपल्यात ओतल्या, हात धुतले, मग आत गेले. त्यानंतर घर माणसांनी भरलं. मेहकरातल्या ओळखीच्या बाया गळ्यात पडून रडल्या, धाडहून माझी आई आली, तीही रडली. मला रडू आलं नाही. सून सासऱ्यासाठी रडली नाही म्हणून कुणी नावं ठेवली असतील तर ठेवोत बापडी, पण आत काही हललंच नाही. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि मी रोजच्यासारखी भाकरी थापत राहिले. भाकरी चांगल्या फुगत होत्या, एवढं मात्र लक्षात आहे.

ज्यांना आमच्याकडच्या चालीरीती ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे काही सांगायचं ते सासूबाईंमार्फत. लग्न होऊन आले तेव्हा मामाजी मला जोड्यांवरून आणि खाकरण्यावरून ओळखू येत, चेहऱ्यावरून नाही! पण माणूस तसा रोज माझ्याशी बोलत होता, असं आता वाटतं. परसबाग त्यांची. शेतावर गडी होते, पण घरामागच्या वाफ्यांना त्यांनी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. न्हाणीचं पाणी दांडानं वाफ्यांत सोडायचं, चुलीतली राख चाळून वेलांवर टाकायची, हे सगळं स्वतः. सकाळी जी भाजी निघेल ती टोपल्यात घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवायची, एकदा खाकरायचं आणि निघून जायचं. आम्ही हवं ते काढून घ्यावं, नको ते टोपल्यातच राहू द्यावं. उरलेलं ते शेजारीपाजारी वाटून टाकत. काय आवडलं, काय नाही, हे त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. टोपल्यात काय राहिलं ते पाहायचे आणि पुढच्या हंगामात तेवढं कमी लावायचे.

सासूबाईंचे दात पडायला लागले तसं टोपल्यात गवार उरू लागली. पुढल्या वर्षी गवारीच्या जागी ढेमसं आणि दोडके आले, मऊ शिजणारे. धाकटे भावजी नागपूरला कॉलेजात गेले आणि खानावळीतली सवय घेऊन आले, त्यांना भाजीत भेदरं, म्हणजे टोमॅटो, हवी झाली. सासूबाईंना ते लालबुंद फळ मांसासारखं दिसे, त्या ते चुलीजवळ येऊ देईनात. मामाजींनी काय करावं? भेदरं लावली ती पार कुंपणाच्या कडेला, आणि टोपल्यात सगळ्यात खाली, मेथीच्या जुडीखाली ठेवायला सुरुवात केली. मी ती गुपचूप काढून घेत असे आणि अंगणातल्या चुलीवर भावजींना चटणी करून देत असे. सासूबाईंना हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. पुढे खुद्द मामाजींना मधुमेह निघाला, बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गूळ, भात, रताळी सगळं बंद केलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी भरल्या वाफ्यातले रताळ्याचे वेल स्वतः उपटले. सासूबाई ओरडल्या, "बाकीचे खातीन नं!" तर म्हणाले, "घरात असलं का माह्या हात जाते." आणि तिथं कारली लावली. घर जसजसं बदललं तसतसं परस बदलत गेलं, कुणाला काही न बोलता.

एकच वाफा कधी बदलला नाही... शेपूचा.

धाकट्या लेकीच्या वेळी मला माहेरी जाणं जमलं नाही, बाळंतपण सासरीच झालं. बाळंतिणीला शेपू चांगला, दूध येतं, म्हणून मामाजींनी एक वाफा शेपूचा टाकला. मला शेपूचा वास लहानपणापासून सोसत नाही. पण सासऱ्यानं आपल्यासाठी म्हणून लावलेली भाजी टोपल्यात परत ठेवायची म्हणजे काय! मी काडीही उरू दिली नाही. नाक मुठीत धरून खाल्ली. बाळंतपण सरलं, शेपू सरला नाही. पुढल्या हिवाळ्यात वाफा दुप्पट झाला. मी समजले, मामाजींना शेपू फार आवडतो. मग त्यांच्या आवडीची भाजी उरू देणं आणखीच वाईट. धाकटी शाळेत जायला लागली तरी आमच्या घरी हिवाळाभर शेपू, कधी मुगाची डाळ घालून, कधी नुसत्या लसणावर. हे कपाळाला आठ्या घालून जेवत, पण बापाच्या आवडीवर बोलणार कोण?

सासूबाई गेल्या आणि मधलं माणूसच नाहीसं झालं. मामाजी मग दाराच्या चौकटीला सांगायला लागले. "चहा ठेवला असंन तर बरं व्हईन," असं चौकटीला म्हणायचे आणि मी आतून कपबशी वाजवून कळवायचे की ऐकलं. हसू यायचं मला, पदरात हसायचे. मग त्यांच्या पायाची जखम चिघळली. बरी होईना. खाट मागच्या पडवीत आणली, तिथून वाफे दिसत. खुरपं हातातून सुटलं, आणि त्यांचं अन्नही सुटत चाललं. माझी धडपड एकच, की चार घास पोटात जावेत. म्हणून एका दुपारी शेपू केला, डाळ घोटून, त्यांच्या आवडीचा. हे शेतावर, पोरी शाळेत. ताट ठेवलं, आणि त्यांनी ते हातानं बाजूला सारलं.

"काऊन? तुमाले तं आवडते नं!" माझ्या तोंडातून निघून गेलं. इतक्या वर्षांत सासऱ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि तेही असं अंगावर गेल्यासारखं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. "मले? मले शेपू कवाच आवडला नाही, बाई. तुले आवडते म्हनून लावून राह्यलो. तू टोपल्यात काडी ठेवत नव्हती."

"मले तं त्याचा वासबी सोसत नाही," मी म्हणाले. मग त्यांनाच हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "मंग तुले काय आवडते?"

"तुमाले आवडीन ते," मी म्हणाले.

ते रागावले. "मी मरून राह्यलो अन् तू माह्यी आवड काहाले सांगते? तुह्यी सांग."

...मला सांगता येईना. खरंच येईना. यांची आवड विचारा, सांगते. पोरींची, भावजींची, सासूबाई गेल्या त्यांचीही सांगते. स्वतःची म्हटल्यावर डोकं रिकामं झालं. संध्याकाळी हे घरी आल्यावर मामाजींनी त्यांच्याकडून शेपू मुळासकट काढून घेतला, वाफा खणून घेतला आणि बजावलं, "इथं कोनी काही लावाचं नाही. सून सांगन तवा लावाचं." मग रोज सकाळी मी चहा घेऊन गेले की विचारायचे, "सुचलं का?" मी म्हणायचे, "नाही अजून." दुसऱ्या कशासाठी नाही, पण त्या उत्तरासाठी ते थांबलेत असं मला वाटायचं, आणि म्हणूनही घाई करावीशी वाटायची नाही. खोटं काहीतरी सांगून टाकावं, असंही मनात आलं. पण शेपूचं झालं तेवढं पुरे होतं. गेले त्या सकाळीही त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली आणि शेंगा तोडायला गेले.

नंतर सगळं चालू राहिलं. न्हाणीचं पाणी मी त्या रिकाम्या वाफ्यातही सोडत होते, का ते विचारू नका. यांनी एकदा मिरचीची रोपं आणली. मी म्हटलं, "तिथं नाही." त्यांनी वाद घातला नाही, दुसरीकडे लावली. चैत्र लागला, ऊन तापलं, बाकीचं परस करपत चाललं, आणि त्या ओल्या वाफ्यात आपोआप काहीतरी हिरवं दिसायला लागलं. वाकून पाहिलं तर चिवळ. जमिनीला चिकटून पसरणारी, लहान, जाडसर पानांची. ती कुणी पेरत नाही. मामाजी तर तिला तणच म्हणत, दिसली की खुरप्यानं काढून गुरांपुढे टाकत. मी एक देठ खुडून तसाच तोंडात टाकला. आंबट... माहेरी विहिरीच्या थारोळ्याजवळ बसून मी ही अशीच कच्ची खात असे, आणि आई ओरडत असे की भाजीला काही उरू दे.

"मामाजी, चिवळ," मी मोठ्यानं म्हणाले.

पडवीत खाट नव्हती. आम्हीच ती काढून ठेवली होती. मी वाफ्याच्या कडेला बसले आणि मला रडू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि बराच वेळ थांबेना. एवढं सोपं उत्तर होतं. ऐकलं असतं तर म्हणाले असते, त्याले का लावा लागते?

संध्याकाळी चिवळीची भाजी केली. वाढल्यावर नेहमीसारखी आत गेले नाही, तिथंच उभी राहिले आणि आवडली का ते एकेकाला विचारलं. हे दचकले, मग "बरी आहे" म्हणाले. मोठीनं आणखी मागितली. धाकटीनं ताटातली भाजी बोटानं दूर लोटली. "मले नाही आवडली, माय."

"बरं झालं सांगतलं," मी म्हणाले.