मुलीचा उतावळा बाप

हिंगणघाटच्या मार्केट यार्डात कापूस घेताना मी चांगल्या मालाच्या गाडीसमोर कधी थांबत नाही. आधी शेजारच्या गाडीतला मूठभर कापूस दाबून नाक मुरडतो, मग जाता जाता विचारतो, "तुमचा कसा?" हमालीपासून सुरुवात करून मी याच एका गुणावर उभा राहिलो. नवा खरेदीदार घाई करताना दिसला की सगळ्यांसमोर म्हणायचो, "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग."

बोरगाव मेघेचं एक कुटुंब माझ्या मुलीला पाहायला आलं. मुलाचे आईवडील दोघंही शिक्षक. पोहे झाले, मुलगा-मुलगी अंगणात बोलून आले. निघताना वडील म्हणाले, "दोन दिवसांत कळवतो."

बाजारात 'कळवतो'चा अर्थ एकच: भाव वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पेढे घेऊन त्यांच्या दारात. मुलाच्या आईनं दार उघडलं, तोच बोलून मोकळा झालो, "कार देतो. रंग तुम्ही सांगा."

बाई म्हणाल्या, "भाऊ, आम्ही काही मागितलं होतं का? फार उतावळे आहात तुम्ही. आता आम्हालाच विचार करावा लागेल."

माझं डोकं तापलं. "तुमची वर्षाची मास्तरकी माह्या एका दिवसाच्या धंद्यात मावते," असं त्यांच्याच दारात सुनावलं आणि पेढे परत घेऊन आलो.

त्या 'उतावळे' शब्दाचा राग मी दोन वर्षं पाळला. नातेवाइकांत सांगत फिरलो, त्यांचा डोळा कारवर होता. एका लग्नात मला हेच सांगताना मुलीनं ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, त्याहीचा होकार होता. पाहून गेले त्याच दिवशी त्यानं मले मेसेज केलता. त्याचे बाबा फोन करनार होते, म्हून मी चूप होती."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमी पेढे वापस घेऊन आलते. काय सांगू?"

मागच्या महिन्यात दुसरं स्थळ आलं. मुलगी म्हणाली, "या वेळेस तुमी यार्डात जाजा. आई बोलन."

गेलो. पाहुणे काय म्हणाले हे विचारायला फोन तीनदा हातात घेतला, तिन्ही वेळा खिशात ठेवला. समोरच्या गाडीतला कापूस चांगला होता. मी तिच्यासमोरच उभा होतो आणि गाडीवाल्यानं सांगितलेल्या भावाला हो म्हणालो.